दार उघडणारी

"अजून एकदा ओढ," बाबा म्हणाले. मी ओढलं. मूठ हातात आली असती तर निदान काही प्रगती झाली असं तरी म्हणता आलं असतं.

खाली सभागृहात आईच्या शोकसभेला साठ माणसं येऊन बसली होती. आणि ज्यांना मुख्य शोक झाला होता ते आम्ही तिघं, बाबा, ताई आणि मी, चौथ्या मजल्यावर स्वतःच्याच घरात कोंडले गेलो होतो. आई गेल्यापासून भेटायला येणाऱ्यांची रीघ, त्यामुळे दार सताड उघडं असायचं. आज सकाळी बाबांनी ते लावलं, आणि आम्हाला कळलं की ते उघडायला फक्त आईला येत होतं.

बेल वाजवली की आई उघडायची. निघताना 'येतो गं' म्हटलं की आई उघडायची. आपल्या घराचं दार उघडतं कसं, हा प्रश्न आम्हाला एकवीस वर्षांत पडला नाही. बाहेरून किल्ली चालत नाही, एवढं माहीत होतं. सुताराला बोलवा, असं तिने बऱ्याचदा सांगितलं, बाबाही बऱ्याचदा 'बघतो' म्हणाले. पण आई घरात असायचीच, म्हणून दुरुस्तीची घाई नव्हती. आणि दार दुरुस्त नव्हतं, म्हणून आई घरात असायची. व्यवस्था अगदी चोख होती. मावशीच्या मुलीच्या लग्नालाही ती आली नाही. गर्दीत डोकं दुखतं म्हणाली. आम्ही जेवून परत आलो तेव्हा पहिल्या बेलला दार उघडलं.

ताईने फोन करून सुताराला बोलावलं. तो बाहेर उभा राहून डॉक्टरसारखी चौकशी करू लागला. दुखणं कधीपासून, आधी काही उपचार केले होते का. शेवटी फोडावं लागेल म्हणाला. बाबा फोडू देईनात.

"मग रोज उघडायचं कोण?" सुताराने बाहेरून विचारलं.

"आई," ताई म्हणाली.

"मग त्यांनाच द्या ना दारावर."

"त्यांचीच शोकसभा आहे खाली."

पलीकडे हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, "कशा उघडायच्या, आठवतंय का काही?"

बाबांना आवाज आठवत होता. आधी धप्प, मग टक्. ताईला आठवलं की हात ओले असले की आई मूठ मनगटांनी वर उचलायची. मला काहीच आठवेना. आई दार उघडायची तेव्हा मी बुटाची नाडी बांधत असायचो.

"दारावर कुठे रंग उडालाय का बघा," सुतार म्हणाला.

उडाला होता. तळहाताएवढा, गुळगुळीत. तिथे खांदा लावून दाबा आणि मूठ वर उचला, असं त्याने सांगितलं. मी खांदा लावायला गेलो तर तो डाग माझ्या बरगड्यांपाशी आला. मी गुडघे वाकवले. अजून वाकवले. ती एवढीशी होती, हे मला माहीत नव्हतं.

धप्प. टक्.

नवं कुलूप संध्याकाळी आणतो, तोवर दार लावू नका, असं सुताराने बजावलं. ताई आणि मी चपला घालून बाहेर आलो. बाबा आतच उभे.

"तुम्ही व्हा पुढे. परत आल्यावर उघडणार कोण?"

मी हसलो. घरात विनोद करण्याचं खातं माझ्याकडे आहे. बाबांनी आजवर केला नव्हता, आत्ताही केला नव्हता.

ताईने परोपरीने समजावलं. दार उघडं राहू दे, शेजारच्या काकूंना बसवू, तासाभराचा तर प्रश्न आहे.

"तिने कधी उघडं टाकलं नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, लोक वाट बघतायत तुमची."

"बघू देत. तिने दुसरं काय केलं इतकी वर्षं."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.

सुताराबरोबर आम्ही दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरलो असू, तेव्हा वरून धप्प असं ऐकू आलं. मग काही नाही. थोड्या वेळाने पुन्हा धप्प. सुतार थांबला. आम्हीही थांबलो.

खाली कोणीतरी माईक तपासत होतं. आम्ही 'टक्' ऐकू येण्याची वाट बघत जिन्यातच उभे राहिलो.