आखाजी ते आखाजी : जिनिंगमधल्या घोड्याची कहाणी

मी एक जुना लाकडी घोडा आहे. घाबरू नका मित्रांनो, मी लाथ मारत नाही आणि चणेही खात नाही. दोन्ही बाजूंनी पायऱ्या असलेली, उघडली की स्वतःच्या पायावर उभी राहणारी शिडी म्हणजे मी. रंगारी आणि सुतार आम्हाला घोडाच म्हणतात.

माझी आई सातपुड्यातला साग. ती एवढी उंच होती, की तहान लागली की वाकून थेट तापीचं पाणी प्यायची. तिच्या एका फांदीतून शिरपूरच्या एका सुताराने मला घडवलं. आठ पायऱ्या दिल्या आणि रतिलाल नानांच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला लावलं. तिथे माझ्यावरून मगन हमाल कापसाच्या गंजीवर चढायचा. गंजी एवढी उंच असायची, की वर जाताना गुळगुळीत दाढी केलेला मगन खाली येताना दाढीवाला होऊन यायचा. विश्वास बसत नसेल, तर माझ्या पायऱ्या बघा. त्याच्या टाचांचे खळगे अजून तिथे आहेत.

पुढे जिनिंग बंद पडली. यंत्रं गेली, मगन गेला. मी कोपऱ्यात मिटून पडलो आणि कोळ्यांनी माझ्यावर संसार थाटले. नाना एकदा म्हणाले होते, याला होळीत टाका. पण म्हातारा राखणदार चुडामण विसरभोळा. तीन होळ्या झाल्या, तीनदा तो विसरला. त्याच्या विसरण्यावर मी जगलो.

मग गेल्या वर्षी दिपमाला आली. मगनची नात. मुंबईला चित्रकला शिकून परतलेली. तिला त्या रिकाम्या शेडमध्ये आजच्या चित्रकारांची प्रदर्शनं भरवायची होती. नानांनी डोकं खाजवलं. त्यांना मक्यासाठी गोदाम हवं होतं. पण मगनची नात म्हणून त्यांनी सालदाराचा करार केला. आमच्या खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, वर्ष आखाजी ते आखाजी चालतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मालक विचारतो, "राहतोस का यंदा?" आणि त्यावर पुढचं साल ठरतं.

"पुढच्या आखाजीला मी येईन," नाना म्हणाले. "आत माणसं दिसली तर साल पुढे. नाही तर मक्याची पोती."

दिपमालाने मान डोलावली. मग फडकं घेऊन तिने पहिल्यांदा मला पुसलं. कोळ्यांना घर सोडावं लागलं, पण वीस वर्षांनी मी पाय पसरून उभा राहिलो.

पहिलं प्रदर्शन श्रावणात लागलं. मुंबईच्या चित्रकाराची पांढऱ्यावर पांढऱ्या रंगाची अकरा मोठी चित्रं मीच भिंतीवर चढवली. बघायला एकोणीस माणसं आली. त्यातली चार चादरींचा सेल समजून आली होती. चुडामण दारात बसून प्रत्येकाला मनापासून सांगायचा, "रंगाचा पहिला हात झाला आहे, दुसरा बाकी आहे. दिवाळीनंतर या." त्यामुळे बरेच जण दारातूनच परत गेले. दिपमाला चुडामणवर रागावली नाही. पण त्या संध्याकाळी माझ्या तिसऱ्या पायरीवर ती बराच वेळ बसून होती.

दुसरं प्रदर्शन दिवाळीनंतरचं. सावद्याच्या प्रेमराजने केळीच्या हिरव्या पानांवर सुईने टोचून बागेतल्या मजुरांचे चेहरे काढले होते. उजेडापुढे धरलं की चेहरा चांदण्यांसारखा लुकलुकायचा. फार सुंदर होतं ते. शेजारच्या शेळीलाही फार आवडलं. तिने दोन चेहरे आणि तिसऱ्याचा एक कान खाल्ला. प्रेमराज शहाणा. त्याने तिथे पाटी लावली, "हे चित्र शेळीला आवडले." ती पाटी बघायला शंभरेक माणसं आली. पण पाहुणा एकदा येऊन गेला की परत फिरकत नव्हता. नाना रस्त्यावरून जाताना आत डोकावायचे, माणसं मोजायचे आणि पुढे जायचे. ते मोजणं दिपमालाला जास्त टोचायचं.

तिसरं प्रदर्शन माघात. सोनल नावाची मुलगी बडोद्याहून आली. तिने शेडच्या मधोमध कापसाचा ढीग घातला. त्यात आठ दिवस बसून हाताने काडीकचरा मिसळला. सुकी पानं, बोंडांची टरफलं, कवडी. कवडी म्हणजे किडीने खाल्लेला कापूस. कापसामागचे कष्ट कुणाला दिसत नाहीत, ते दिसावेत, असं तिचं म्हणणं होतं. ढीग घालून ती बडोद्याला गेली.

तिसऱ्या दिवशी कापूस वेचणाऱ्या दगडीबाई आल्या, सोबत आणखी अकरा बाया. वेचणी संपल्यावर बाजाराला निघालेल्या, सावली बघून आत शिरल्या. त्यांनी ढीग पाहिला. एकमेकींकडे पाहिलं. एवढा चांगला कापूस, आणि ही दशा? कुणी काही सांगायच्या आत बाराही जणी गोल बसल्या. चुडामणने त्यांना थांबवलं नाही. उलट पाण्याची कळशी आणून दिली. दुपार टळेपर्यंत ढीग बगळ्यासारखा शुभ्र झाला. मी सगळं बघत होतो, पण मला तोंड कुठे?

दिपमालाने येऊन ते पाहिलं आणि सोनलला फोन लावला. सोनल मिळेल ती गाडी पकडून धावत आली. तिने पत्ता काढून दगडीबाईंना बोलावून घेतलं आणि विचारलं, हे असं का केलंत?

"माय, तुना कापूसमा कचरा व्हता," दगडीबाई म्हणाल्या. "बठ्ठा काढी टाका." म्हणजे सगळा काढून टाकला. आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत त्यांनी काळजीने विचारलं, पाणी पितेस का?

सोनल काही बोलणार, तेवढ्यात तिला शेजारचा छोटा ढीग दिसला. बायांनी कचरा फेकला नव्हता, नीट वेगळा रचून ठेवला होता. पानं एकीकडे, टरफलं एकीकडे, कवडी एकीकडे. आणि सगळ्यात वर एक हिरवा बांगडीचा तुकडा. तो सोनलने टाकलेला नव्हता. ढीग घातला तेव्हाच तो कापसात होता, कुण्या वेचणारणीच्या हातातला. आठ दिवस कापसात हात घालूनही तिला तो सापडला नव्हता.

सोनलने तो तुकडा उचलला, बराच वेळ पाहिला आणि होता तिथेच ठेवला. मग माझ्यावर चढली आणि समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहू लागली. पहिलं नाव तिचं, त्याखाली बारा नावं. दगडीबाई, उषा, वच्छलाबाई, सुगंधाबाई... शेवटचं नाव लिहिताना माझी चौथी पायरी कडकन तडकली. म्हातारा झालो होतो, दुसरं काय.

मित्रांनो, मग बघायला हवं होतं. आपलं नाव भिंतीवर लागलंय म्हटल्यावर बाया नवऱ्यांना घेऊन आल्या, पोरांना घेऊन आल्या. पोरं बोट ठेवून नावं वाचायची. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून एवढी माणसं आली, की शेड दोन्ही बाजूंनी वीतभर फुगली. मोजपट्टी लावून बघा.

पण महिन्याने ते प्रदर्शन संपलं, चैत्रही सरला आणि आखाजी आली.

दिपमालाच्या आता लक्षात आलं, की आखाजीला प्रदर्शन बघायला कोण येणार? लेकी माहेरी आलेल्या, घरोघर पुरणपोळी, आमरस. शेड रिकामी. भिंतीवर फक्त ती तेरा नावं. दहा वाजता नानांचा टेम्पो मक्याची पोती घेऊन दारात लागला. मागून नाना उतरले, आणि त्यांच्याबरोबर चाळीसगावहून माहेरी आलेली त्यांची थोरली बहीण, प्रमिलाबाई. नानांनी आत पाहिलं. दिपमालाने खाली पाहिलं.

तेवढ्यात दगडीबाई आल्या. खांद्यावर दोरखंड, मागे नव्या लुगड्यांतल्या बाया. रस्ता रुंद करताना त्यांच्या गल्लीतला कडुनिंब गेला होता. आखाजीला माहेरवाशिणींसाठी झोका लागतोच, तो यंदा बांधायचा कुठे, हा प्रश्न त्यांना आठ दिवस छळत होता.

"तुना हॉलले मोठं आढं शे," छपराच्या तुळईकडे बोट दाखवत त्या दिपमालाला म्हणाल्या, जणू झाडच मागत होत्या.

दिपमाला नानांकडे बघत राहिली. दगडीबाई मात्र थांबल्या नाहीत. त्यांनी माझी तडकलेली पायरी पाहिली, दोरखंडाचं टोक तोडून तिला सात वेढे दिले, गाठ आवळली आणि चढल्या. मी दातखिळी बसल्यासारखा उभा राहिलो. पायरी कुरकुरली, पण टिकली. झोका बांधला गेला.

माहेरवाशिणी झुलू लागल्या, गाणी सुरू झाली. गल्लीतल्या बाया आल्या, मागून पोरं. प्रमिलाबाई म्हणाल्या, मलाही बसव रे. सत्तरीची बहीण झोक्यावर बसली आणि नानांनी हलकेच झोका दिला. झोका वर गेला, तशी नानांची नजर त्या तेरा नावांकडे गेली. त्यांनी एकेक नाव ओठ हलवत वाचलं.

मग टेम्पोवाल्याला परत जायला सांगितलं आणि दिपमालाला विचारलं, "राहतेस का यंदा?"

"राहते, नाना," ती म्हणाली.

माझ्याकडे बोट दाखवून नाना चुडामणला म्हणाले, याला आता होळीत टाकायचं नाही. चुडामण ते मात्र विसरलेला नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरच्या कोपऱ्यात माझ्यासारखं काही मिटून पडलं असेल, तर मोडीत काढण्याआधी त्याला एक फडकं मारा आणि एक दोरी बांधून बघा. माझ्या गोष्टीत थोडं तिखटमीठ असेल, पण एक गोष्ट खरी आहे. सुतार आला होता, नवी फळी ठोकून देतो म्हणाला. दिपमालाने नको म्हटलं. आठ पायऱ्यांत आज ती दोरी बांधलेली चौथीच सगळ्यात भक्कम आहे. शिरपूरला आलात, तर पाय देऊन बघा.