जवाईच्या नावाची गाडी

शहापूरला हायवेच्या कडेला अश्वजितचं गॅरेज आहे आणि त्याच्याच टिनाच्या सावलीत माझं टेबल. तो गाड्या दुरुस्त करतो, मी गाड्यांचे कागद करतो: विमा, कर्जाचा बोजा उतरवणं, नाव बदलणं. त्यामुळे आमच्याकडे आलेला माणूस दोनदा उघडा पडतो, एकदा बॉनेट उघडल्यावर आणि एकदा फाइल उघडल्यावर.

मार्चच्या सुरुवातीला सानगडीहून एक पांढरी छोटी गाडी टोचन होऊन आली. पुढे ओढणाऱ्या पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी एक नवी लग्न झालेली मुलगी बसली होती, मांडीवर बॅग घेऊन. ती शालू. मागून मोटरसायकलवर तिचा नवरा कुलदीप. त्यानं गाडी उतरवून घेतली, पिकअपवाल्याला सांगितलं, "भाडं सासरा देईन," आणि आमच्या देखतच फोन लावला.

"मामाजी, गाडी शहापूरले आणून टाकली. शालूही इथंच हाय. गाडी चालू झाली का दोघीलेही संगं पाठवजा."

फोन खिशात, पाय किकवर, आणि गेला. शालूकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. गाडीच्या बॉनेटवर मात्र जाता जाता दोन थापा मारल्या.

दोन तासांनी अड्याळहून एसटीनं बाबूलाल सेठ आले. अड्याळला त्यांचं किराणा आणि बियाण्याचं दुकान आहे, आणि तालुक्यात त्यांच्याइतका बारकाईनं वजन करणारा दुसरा माणूस नाही. डिसेंबरात त्यांनी पोरीच्या लग्नात ही गाडी जवायाला दिली होती. सहा वर्षं जुनी, पण काट्यावर फक्त सहा हजार चारशे किलोमीटर. वराकडच्यांनी तो काटा चारचार माणसं आणून पाहिला होता आणि नव्या गाडीचा हट्ट सोडला होता. गाडी दिली, पण कागद दिले नाहीत. आरसी बुकावर नाव बाबूलालचंच राहिलं. "नाव बदलाले खर्च लागते," असं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. शंभर दिवस व्हायच्या आत इंजिन बसलं. काटा नऊ हजार तीनशेवर.

सेठ आले ते पोरीला "कशी आहेस" न विचारता सरळ गाडीच्या पोटाखाली वाकले.

"जवायानं चालवली कशी? हेच पायतो मी. पंधरा-पंधरा पोट्टे भरून नागपूरले पळवत असन."

"सेठ, चालवल्यानं नाही गेली हे," अश्वजित म्हणाला. "न चालवल्यानं गेली."

त्यानं इंजिनचं वरचं झाकण काढून ठेवलं होतं. आत तेल नव्हतं, तेलाचं मलम होतं, काळं, गुठळ्यांचं. बोट घातलं की बोटाला चिकटून यायचं. तेल खेचणारी खालची जाळी त्या मलमानं बुजली, तेल वर चढलं नाही, बेअरिंग चिकटलं, आणि हायवेवर रॉडनं ब्लॉकला भोक पाडून बाहेर तोंड काढलं. अश्वजितनं त्या भोकातून बोट आरपार घालून दाखवलं.

"शेवटचं तेल कवा बदललं?"

"बदलाचा प्रश्न येतेच कुठं?" सेठ उसळले. "पुस्तकात लिवलं हाय, दहा हजारावर तेल बदला. दहा हजार झालेच नाही ना बाबू."

"त्याच ओळीत पुढं लिवलं हाय, नाहीतर वर्षातून एकदा. जे पहिले होईन ते."

"ते पुढचं कंपनीच्या कमाईसाठी असते."

"सहा वर्षं तेच तेल, सेठ. आणि गाडी फिरलीच नाही. काय करत होते गाडीचं?"

सेठ पुन्हा गाडीखाली वाकले. बोलली शालू.

"सकाळी चालू कराचे. साडेसहाले. दहा मिनिटं."

"कुठं जाले?"

"कुठंच नाही. बाबाचे भाऊ इश्वरकाका, त्याइचं घर भिंतीपल्याड हाय. त्याइले ऐकू गेली पायजे म्हणून. मी बारावीले होती तवापासून ते काम माहंच होतं. मी आत बसाची, बाबा भिंतीपाशी उभे राहाचे. 'अजून दाब, झोपून हायेत ते,' म्हणाचे."

अश्वजितनं तोंड दुसरीकडे वळवलं. मी फाइलीत डोकं घातलं. हसू लपवायला फाइल फार कामाची वस्तू आहे.

"थंड इंजिन, दहा मिनिटं, मंग बंद," अश्वजित शेवटी म्हणाला. "तापतच नव्हतं ते. पाणी धरे, पेट्रोल तेलात उतरे. रोज एक घास विष देल्यासारखं झालं सेठ. आणि भाऊ जागा झाला का नाही कोण जाणे."

आता इंजिन कुठलं टाकायचं हा प्रश्न. अश्वजित हिशेब सांगण्यात सरळ माणूस आहे. नवं इंजिन एक लाख पस्तीस हजार. कारखान्यात पूर्ण खोलून नवे पार्ट टाकलेलं, सहा महिन्यांची गॅरंटी असलेलं बहात्तर. आणि नागपूरच्या भंगार बाजारातून, ठोकलेल्या गाडीतलं उतरवलेलं, अडतीस. त्याची गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत.

"अडतीसचं चालते?" सेठनी विचारलं.

"चालते बी, नाही बी चालत. नशीब हाय."

"बहात्तरचं घ्या बाबा," शालू म्हणाली. "जुनं घ्याचं असन तर आधी कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. तेलाचं झाकण उघडून आत पाहा, असंच काळं नाही ना."

"तुले काय समजते त्यातलं?"

"सहा वर्षं मीच बसली ना आत."

सेठनी पोरीला घरी नेलं. गाडी आमच्याकडे राहिली. उभ्या गाडीचे अश्वजित रोजचे पन्नास रुपये लावतो, सेठसाठी त्यानं तीस केले. तरी सेठ दर दोन दिवसांनी फोन करायचे, तीसाचे वीस होतात का पाहायला. एकदा मी सहज विचारलं, पोरगी कशी आहे. म्हणाले, "हाय. खाते, राहते." अड्याळहून आमच्याकडे येणारे लोक जास्त सांगायचे. कुंताबाई, म्हणजे शालूची आई, दाराशी बसू देत नव्हती तिला. नळावर जायचं ते अंधारात. कोणी विचारलं तर सांगायचं, गाडी सर्व्हिसिंगला आहे म्हणून थांबली. आणि भिंतीपलीकडून इश्वरची बायको रोज सकाळी बरोबर साडेसहाला मोठ्यानं विचारायची, "काहो, आज आवाज नाही आला गाडीचा?"

पंधरा दिवसांत कुलदीप दोनदा गॅरेजवर येऊन गेला. दोन्हीदा इंजिनाचं विचारलं. इथून अड्याळ अर्ध्या-पाऊण तासाचं, तिकडे गेला नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा सेठ शालूला घेऊन इथंच बसले होते, नागपूरच्या भंगारवाल्याशी फोनवर अडतीसचे चौतीस करत.

"मामाजी, भंगारचं इंजिन टाकून राहिले म्हणे."

"भंगार नाही जवाईबापू. एकतीस हजार किलोमीटर चाललेलं हाय. मागून ठोकलेली गाडी, समोर ओरखडा नाही."

"मले नवं पायजे. सहा हजार किलोमीटर चाललेली गाडी देली म्हणून आमी हो म्हणलं होतं. आमाले का माहीत, आतून सडलेली हाय म्हणून." हे म्हणताना त्यानं पहिल्यांदा शालूकडे पाहिलं.

"एक लाख पस्तीस हजार होते नव्याचे," सेठ म्हणाले, आणि आकडा असा उच्चारला की ऐकणाऱ्याला पाणी पाजावंसं वाटावं.

कुलदीप खुर्ची ओढून बसला. त्याला जे हवं होतं ते मागायला तो पंधरा दिवस थांबला होता, हे मला तेव्हा दिसलं. रोज कागदांच्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाला अशी गोष्ट दिसते.

"बरं, जुनं टाका. आपली काही जिद्द नाही. पण मंग गाडी माह्या नावानं करा. उद्या पोलिसानं धरलं, इंजिनचा नंबर येगळा, बुकावर नाव सासऱ्याचं, मी काय सांगू? नंबर बी चढवा, नाव बी चढवा."

सेठनी माझ्याकडे पाहिलं. "किती लागतात?"

मी दोन्ही कामांचे मिळून सांगितले. "एकदम केले तर माझे हजार रुपये कमी होतील," असंही सांगितलं. खोटं नाही सांगितलं. धंदा आहे.

सेठचा चेहरा उजळला. इंजिनात एक लाख वाचत होते आणि नाव तर नुसतं नाव.

"बाबा, इकडं या जरा," शालू म्हणाली. ती त्यांना टिनाच्या कडेला घेऊन गेली, पण टिनाची शेड ती, सगळं ऐकू येतं.

"नाव नका देऊ."

"काहून? गाडी तशीही त्याच्याचपाशी राहाची हाय."

"गाडी तुमच्या नावानं हाय तवरक त्याले माही गरज हाय. बहात्तरचं टाका. पैसे मी शिवणकाम करून देईन. पण नाव नका देऊ बाबा."

"बहात्तर शिवणकाम करून? किती वर्षं लागतीन, हिशेब केला?"

"केला."

"मंग?"

सेठनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बाप मुलीला समजावतो त्याच आवाजात म्हणाले, "पोरी, कागदानं कोणी बायको ठेवत नसते आणि सोडतबी नसते. त्याले खूश होऊ दे. तुह्यासाठीच करून राहिलो." परत येताना मला म्हणाले, "हजार कमी म्हणले ना? आठशे अजून करा."

मी तीनशे अजून कमी केले.

आता गाडीचं नाव बदलायचं तर मालकाच्या मोबाइलवर नंबर येतो, तो सांगितल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. सेठचा फोन वाजला. चष्मा अड्याळला राहिला होता. त्यांनी फोन शालूच्या हातात दिला.

"वाच, काय आला नंबर तो."

शालूनं फोन घेतला. मी बोटं तयार ठेवली.

"चार," ती म्हणाली. "शून्य. सात. सात."

मग थांबली.

"सांग ना बाई, टाइम जाते त्याचा," सेठ म्हणाले.

कुलदीप नखं पाहत होता. गॅरेजात अश्वजितनं हातोडी खाली ठेवली. मला वाटलं, ती चुकीचा आकडा सांगेल. सांगता आला असता. नवा नंबर मागवावा लागला असता, अजून दोन मिनिटं गेली असती, इतकंच. तिनं तिघांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, माझ्याही.

"दोन. नऊ."

मी टाकले. काम झालं.

इंजिन बसायला पाच दिवस लागले. अश्वजितनं कॉम्प्रेशन मोजलं, तेल नवं टाकलं, जाळी नवी टाकली, आणि ह्या तिन्हींचे पैसे सेठनी दोन वेळा विचारून दिले. इंजिन मात्र चांगलं निघालं, हे मान्य करायला हवं. आवाज असा की गाडी सुरू आहे का बंद, हे हात लावून पाहावं.

गाडी न्यायच्या दिवशी शालू बापासोबत सकाळच्याच एसटीनं आली. नवी साडी, भरलेली बॅग, कुंताबाईनं बांधून दिलेला डबा. दुपारी बाराला कुलदीप आला, सोबत त्याची आई ललिताबाई आणि दोन मित्र. चौघं भाड्याच्या ऑटोनं आले होते. मित्रांनी बॉनेटमध्ये डोकी घातली. ललिताबाई मागच्या सीटवर बसून उसळून पाहत होत्या.

"इवाई, आवाज तर बराच कमी हाय हो," त्या काचेतून व्याह्यांना म्हणाल्या.

"एकतीस हजारच चाललं हाय ना, बाई," सेठ म्हणाले. लग्नात नवऱ्या मुलीचं कौतुक ऐकतानासुद्धा ते इतके फुलले नव्हते.

कुलदीपनं माझ्याकडून नवीन कागद घेतले. आपलं नाव वाचलं, बोटानं एकदा पुसून पाहिलं. मग चावी घेतली. एक मित्र पुढे बसला, दुसरा मागे ललिताबाईंजवळ. शालू बॅग घेऊन मागच्या दाराशी उभी होती.

"तीन जण बसतात मागं," सेठ म्हणाले. "माय, तुमी सरका थोड्या."

"सरकाचं काय हो," ललिताबाई म्हणाल्या. "साकोलीवरून तांदळाचं पोतं घ्याचं हाय. ते कुठं ठेवू, डोक्यावर?"

"डिक्की हाय ना."

"डिक्कीत ह्याचं सामान हाय." मित्राकडे बोट. मित्राच्या हातात एक मोबाइल आणि पाण्याची बाटली होती.

कुलदीपनं गाडी सुरू केली. खिडकीतून म्हणाला, "मामाजी, जुनं इंजिन हाय. येकदम लोड नाही टाकाचं म्हणून राहिले मेकॅनिक. पुढच्या खेपेले नेतो."

"मी असं काहीच नाही म्हणलं," अश्वजित म्हणाला.

पण काच वर गेली होती.

गाडी हायवेला लागली. वळणावर ब्रेकचे दिवे लागले. सेठ दोन पावलं पुढे गेले, पण समोर नुसता गतिरोधक होता. त्यावरून गाडी अलगद उतरली आणि गेली.

"येईन," सेठ म्हणाले. "पुढच्या आठवड्यात येईन. ट्रायल घ्या लागते ना नव्या इंजिनाची."

शालूनं डबा अश्वजितच्या बाकावर ठेवला. "खाऊन घ्या भाऊ, तुमी सकाळपासून उपाशी हा." मग ती रस्ता ओलांडून एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. सेठ मागोमाग गेले. अड्याळची गाडी लागलीच आली. सेठ आधी चढले, दारातूनच कंडक्टरला पैसे देताना त्यांचा आवाज रस्त्यापलीकडून आमच्यापर्यंत आला.

"एक फुल, एक हाफ. लेडीज हाय. हाफच लागते तिले."

शालू खालीच उभी होती. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला आणि विचारलं, "बाई, येता का नाही?" तिनं बॅग उचलली आणि चढली.