वीरप्पांच्या पायातली साखळी

मी एक जुनी साखळी आहे, मित्रांनो. माझी एकेक कडी तुमच्या करंगळीएवढी जाड आहे. माझ्या एका टोकाला पायात अडकवायचे कडे आहे आणि दुसऱ्या टोकाला खांबाला गुंडाळायचा आकडा. आधी मी बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव होते. धाव झिजली, तेव्हा जळकोटच्या रामलिंग लोहाराने तिचे तुकडे केले, भात्याच्या आगीत ते पांढुरके होईपर्यंत तापवले आणि ऐरणीवर ठोकून एकात एक अडकवले. सांधा नीट जुळावा म्हणून तो तापलेल्या लोखंडावर बारीक वाळू टाकत असे. म्हणून माझा एकही सांधा आजवर उकललेला नाही.

जळकोटचे वीरप्पा सावकार मला आपल्या खोंडासाठी घेऊन गेले. खोंड मारका होता. त्याने दावी तोडली होती, खुंटा उपटला होता. मला मात्र तो तोडू शकला नाही. "साखळी असावी तर अशी," असे लोक म्हणत. तेव्हा आमच्या भागावर हैदराबादच्या निजामाचे राज्य होते आणि अशी शाबासकी माणसांनाही क्वचितच मिळत असे. पुढे खोंड शांत झाला आणि मी गोठ्याच्या खुंटीवर टांगली गेले.

वीरप्पांना सिद्धम्मा नावाची एक मुलगी होती. तेरा वर्षांची. एका पावसाळ्यात तिला मोठा ताप आला. ताप उतरला, पण मुलगी पूर्वीसारखी राहिली नाही. ती बोलेनाशी झाली. बसल्या जागेवरून उठायची आणि चालू लागायची. कुठे जायचे ते तिलाही ठाऊक नसावे. हाक मारली तरी मागे वळून पाहत नसे. घराच्या मागे विहीर होती, कठडा नसलेली. एका दुपारी आई नागम्माने तिला विहिरीच्या अगदी काठावरून ओढून आणले, आणि त्या दिवसापासून घराला धसका बसला.

अणदूरचा खंडोबा दरवर्षी हिवाळ्यात नळदुर्गाला जातो आणि पौषातली जत्रा झाली की अणदूरला परततो. देव निघाला त्या दिवशी वीरप्पा पालखीपुढे नवस बोलले : देव परत येईपर्यंत पोरीच्या पायातली साखळी काढणार नाही, देवा, तू येताना तिचे मन घेऊन ये. घरी येऊन त्यांनी मला खुंटीवरून उतरवले आणि माझे कडे सिद्धम्माच्या घोट्यात अडकवले. ते बैलाच्या पायाच्या मापाचे होते. ते सैल पडू नये म्हणून आत चिंध्या भरल्या.

ते वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. मला अडकवण्याआधी त्यांनी माझे कडे धोतराने पुसले आणि आतली कडा बोटाने चाचपून पाहिली.

चिंध्या ओल्या होत. मुलगी चालू पाही आणि कडे घोट्यावर घासे. थोड्याच दिवसांत कातडी सोलली, जखम चिघळली आणि पाय सुजला. तेव्हा कुणीतरी वीरप्पांना तुळजापूरच्या वाटेवरचे एक ठिकाण सांगितले. जिल्ह्याच्या करातून लोकल फंड जमे; त्यातून रस्ते, विहिरी आणि दवाखाने होत. त्याच फंडातून एका जुन्या सराईत मनाचा आजार झालेल्या मुलांसाठी राहण्याचे घर उघडले होते. लोक त्याला "येड्यांची सराई" म्हणत. तिथल्या प्रमुख शांताक्का हैदराबादच्या दवाखान्यात शिकून आल्या होत्या. त्या मुलांना नावाने हाक मारत आणि त्या घराला नुसते "घर" म्हणत.

वीरप्पांनी बैलगाडीतून मुलीला आणले. शांताक्कांनी आधी तिच्या पायाकडे पाहिले.

"ही काढावी लागेल, सावकार."

"न्हाय जमायचं, अक्का. नवस हाय. देव परतल्याबिगर काढली तर माजी पोर जाईल."

"लोखंडाखाली जखम भरत नाही. विष वर चढलं तर पाय जाईल. मग देव परतून काय बघेल?"

  वीरप्पांपुढे एका बाजूला देवाला दिलेला शब्द होता आणि दुसऱ्या बाजूला मुलीचा पाय.

सराईत गजराबाई नावाची स्वयंपाकीण होती. ती परातीत पीठ मळता मळता म्हणाली, "आवं सावकार, नवस बोललं कोन?"

"म्या बोललो."

"मंग पोरीनं का फेडावा? माज्या सासूनं माज्या लेकरासाटी अनवानी चालायचा नवस केला, आन् लेकरू न्हाय, तीच चालली अणदूरला. आपल्याकडं रीतच हाय की. बोलनाऱ्यानं फेडायचा."

 वीरप्पांनी खाली बसून सिद्धम्माच्या पायातले कडे उघडले, चिंध्या बाजूला केल्या आणि तेच कडे आपल्या घोट्यात अडकवले. मोकळे टोक त्यांनी धोतराच्या कमरेला खोचले. शांताक्कांनी त्यांना थांबवले नाही. त्या गरम पाण्याने मुलीची जखम धूत होत्या.

असे माझे नवे काम सुरू झाले.

मी वीरप्पांबरोबर त्यांच्या किराणा दुकानात बसू लागले. पहिल्या दिवशी गिऱ्हाइके हसली. "सावकार, बायकोनं बांदून घातलं का काय?" असे एकाने विचारले. वीरप्पाही हसले. पण हळूहळू त्यांचे हसू कमी झाले. ते तोलताना चुकू लागले. माणूस बोलत असे आणि ते माझ्याकडे बघत बसत. एकदा ते नागम्माला म्हणाले, "अगं, पायात ही असली की डोस्क्यात दुसरं काई राहतच न्हाय. पोरीचं मन परत यावं म्हनतो आपन, आन् त्या मनाला दिवसभर कडंच धरायला लावत व्हतो."

नागम्मा म्हणाली, "ते खरं हाय वो. पन घरामागं इहीर हाय. दिसभर कोन फिरंल तिच्यामागं?"



बाजाराच्या दिवशी ते मला पायात घेऊन मुलीला भेटायला जात. तिथली पद्धत मी तिथेच पाहिली. सराईचा दरवाजा दिवसा उघडा असे. सिद्धम्मा उठून चालू लागली की कुणीतरी हातातले काम ठेवून तिच्या बाजूने चालू लागे. अडवायचे नाही, ओढायचे नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. ती वळली की आपण वळायचे. बहुतेक वेळा हे काम गजराबाईकडे येई आणि ती करवादे, "माज्या भाकरी करपून कोळसा झाल्या, पन हिचं माळरान काई सरंना!" तरी ती रोज जाई. शांताक्का सांगत, "पाय चालतात ते मनाला काहीतरी हवं असतं म्हणून. काय हवं ते कळेपर्यंत सोबत द्यायची." जखम भरली होती. मुलगी जेवू लागली होती. बोलत मात्र नव्हती आणि मागे वळून पाहतही नव्हती.

मग तो दिवस आला. वीरप्पा ओसरीवर बसले होते आणि लोकल फंडाचे साहेब मोटारीतून पाहणीला आले. त्यांनी उघडा दरवाजा पाहिला.

"ये दरवाजा दिनभर खुलाच रहता क्या? कोई छोकरी भाग गई तो जवाब कौन देगा?"

"मी देईन," शांताक्का म्हणाल्या.

साहेबांची नजर वीरप्पांच्या पायाकडे गेली. "ये कौन है? चोर है क्या?"

"चोर न्हाय, सायेब," गजराबाई म्हणाली, "बाप हाय."

साहेबांना ते कळले नाही. त्यांनी सिद्धम्माची चौकशी केली, ती रोज बाहेर चालत जाते हे ऐकले आणि त्यांचा आवाज चढला. "जंजीर सामने पड़ी है, उसीच को डालो इसके पाँव में. नहीं तो मैं ये घर बंद कराता."

 घर बंद झाले तर तिथली सगळी मुले पुन्हा आपापल्या गोठ्यांत आणि खांबांना जातील, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते.  मला वाटले, आता मला पुन्हा तोच लहान घोटा.

वीरप्पा उठले. "सायेब, ही साखळी देव परतल्याबिगर माज्या पायातनं निघायची न्हाय. नवस हाय."

"और उसके बाद?"

"त्याच्यानंतर बी देनार न्हाय. पोर माजी हाय आन् साखळी बी माजीच हाय."

या बोलाचालीत सिद्धम्मा उठली होती. नेहमीसारखी ती दरवाज्यातून बाहेर पडली आणि माळाकडे चालू लागली.

"पकड़ो उसको!" साहेब ओरडले.

"कुणी धावू नका," शांताक्का म्हणाल्या. "ओरडूही नका. सोबत जा."

गजराबाई उठू लागली, पण वीरप्पांनी तिला हाताने थांबवले आणि ते स्वतः निघाले. पायात मी होते. त्यांना भरभर चालता येईना. ते जरा झपाट्याने निघाले, तसे माझे टोक कमरेतून सुटले आणि दगडगोट्यांवरून खणखणत मागे फरफटू लागले. आकडा एका दगडात अडकला. वीरप्पा गुडघ्यावर आपटले. त्यांनी हाक मारली नाही. पद्धत त्यांना माहीत होती.

मुलगी पुढे चालली होती. मग ती थांबली.

तिने मागे वळून पाहिले, मित्रांनो. ती परत आली, खाली वाकली आणि माझा आकडा तिने दगडातून सोडवला. वीरप्पा उठून उभे राहीपर्यंत ती थांबली. मग ओझे त्यांच्या पायावर येऊ नये म्हणून माझे मोकळे टोक तिने दोन्ही हातांत उचलून धरले. तसेच ते दोघे हळूहळू चालत परत आले. दरवाज्याजवळ ती म्हणाली, "अप्पा, सावकाश." इतकेच. ताप आल्यापासूनचे तिचे ते पहिले शब्द.

वीरप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला त्यांना सुचत नव्हते.  साहेबांनी शोफरला मोटार काढायला सांगितली आणि जाताना दरवाज्याकडे बघून ते म्हणाले, "रहने दो खुला."

सिद्धम्मा त्या दिवशी बरी झाली असे मी सांगणार नाही. ते खरे होणार नाही. पुढेही ती उठून चालू लागे. कधी बोले, कधी आठवडाभर बोलत नसे. पण ती चालताना मागे वळून पाहू लागली, आणि शांताक्का म्हणत की तेवढ्यावर पुढचे सगळे उभे करता येते.

पौषातली जत्रा झाली, देव अणदूरला परतला. वीरप्पांनी मला पायातून काढले. लगेच त्यांनी गवंडी बोलावला आणि घरामागच्या विहिरीला छातीएवढा कठडा घातला. नागम्माने शेजारणींना आणि जावेला गोळा केले. मुलीबरोबर कोण कधी चालणार हे त्या रोज सकाळी आपसांत ठरवत. उन्हाळ्यात सिद्धम्मा घरी आली. ती मोकळ्या पायांनी आली.

मला वीरप्पांनी सराईला देऊन टाकले. आता मी तिथल्या ओसरीवर, पावसाचे शिंतोडे येतात त्या बाजूला टांगलेली असते. मुलांना बांधून आणणारे आईबाप तिथेच बसतात. शांताक्का त्यांना रागावत नाहीत. एवढेच म्हणतात, "दोरी सोडा. मग बोलू."

मित्रांनो, लोखंड जमिनीतून निघते तेव्हा ते लोखंड दिसतच नाही. हवेतल्या प्राणवायूशी जोडलेली ती एक तांबूस माती असते. कोळशाच्या आगीत तो प्राणवायू निघून जातो आणि आम्ही कठीण होतो. पुढे पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की आमच्यावर गंज चढतो. तेव्हा लोखंड पुन्हा आपल्या मातीकडे निघालेले असते. परवा गजराबाई तेलाचा बोळा घेऊन मला पुसायला आली होती. "चांगली वस्तू हाय, सडून जाईल," म्हणाली. "गंजू दे," म्हणत शांताक्कांनी तिला परत पाठवले.

म्हणून माझी तुम्हाला एक विनंती आहे. मला तेल लावू नका. मला जपू नका. माझ्या जागी दुसरी साखळी घडवू नका. तुमच्या घरात, तुमच्या आळीत, तुमच्या शाळेत कुणी मूल असे उठून चालू लागले, तर हातातले काम खाली ठेवा आणि त्याच्या बाजूने चाला. ते वळेपर्यंत चाला. मी ओसरीवर आहे तिथे बरी आहे. माझी एक कडी आता बोटाने दाबली तर पापुद्रा सुटतो.