‘समजलं का?’ विचारणाऱ्यांसाठी

‘समजलं का?’ हा प्रश्न आपल्याकडे उत्तर मिळावं म्हणून विचारलाच जात नाही. बँकेत साहेब विचारतात, दवाखान्यात डॉक्टर विचारतात, घरात सासूबाई विचारतात आणि आपण मान डोलावून मोकळे होतो. नाही म्हणायचं कुणी? नाही म्हटलं की विचारणाऱ्याच्या कपाळावर आठी आणि शेजारच्यांच्या ओठांवर हसू. शाळेत सगळी पोरं एका सुरात ‘होऽऽ बाई’ ओरडली की बाई खुशाल पुढचं पान उलटतात. या सवयीनं माणसाचा हात जाऊ शकतो, असं कुणी सांगितलं असतं तर ऋतुजानं हसण्यावारी नेलं असतं. पण ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

ऋतुजा माढ्याची. इंग्रजीत एम. ए. झालेली, बोलण्यात चुणचुणीत. इंग्रजी न येणाऱ्या मोठ्या माणसांना ती भाषा शिकवण्याचं प्रमाणपत्र मिळावं म्हणून ती सोलापुरात खोली घेऊन राहिली होती. पुण्यातल्या एका कंपनीनं तिला शिक्षिकेची जागा देऊ केली होती, मात्र महिनाअखेरपर्यंत प्रमाणपत्र दाखवायचं होतं. तिचे वडील आबासाहेब अख्ख्या आळीत सांगत सुटले होते, "पोरगी आता पुण्याला चालली! सायबांना इंग्रजी शिकवणार!" आता एकच पाठ उरला होता. तो परीक्षकांसमोर आणि खऱ्या विद्यार्थ्यांना द्यायचा होता.

हे विद्यार्थी म्हणजे अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यातले कामगार. कुणाच्या घरी कानडी, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या दखनी. काम सुटलं की चहा घेऊन ते कारखान्याच्या हॉलमध्ये येऊन बसत. सोमवारपासून तिथं टॉवेल कापून कडा शिवणारं नवं मशीन सुरू होणार होतं. त्याच्यावरच्या सगळ्या सूचना इंग्रजीत. ते बसवून द्यायला येणारा माणूसही तमिळनाडूचा, मराठीचा गंध नसलेला. म्हणून मालकांनी हा वर्ग भरवला होता. मशीनवर पहिल्यांदा बसणार होती नागव्वा. ती अक्कलकोटच्या पलीकडची. नवरा वारल्यापासून तिच्या दोन हातांवरच घर चाललं होतं.

ऋतुजानं वर्गाला एक नियम घातला होता. इथं फक्त इंग्रजी! कानडी नाही, तेलुगू नाही, मराठीसुद्धा नाही. त्याशिवाय भाषा येत नाही, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ती हातवारे करून शिकवायची, माणसं तिच्यामागून म्हणायची, आणि शेवटी "अंडरस्टूड?" म्हटलं की "येस मॅडम!" असा खणखणीत आवाज यायचा. तो ऐकून तिला समाधान वाटायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं तेच केलं, जे तिच्या गावातल्या शाळेत तपासणीच्या आदल्या दिवशी व्हायचं. उद्याचा अख्खा पाठ तिनं आजच घेऊन टाकला. कोणता प्रश्न येणार, उत्तर कुणी द्यायचं, सगळं घोटून घेतलं. "उद्या सर येतील. घाबरू नका. सगळ्यांनी एकदम, मोठ्यानं म्हणा," वर्ग संपल्यावर तिनं मराठीत बजावलं. आपण काही चुकीचं करतोय असं तिला वाटलंही नाही. तुम्हाआम्हाला तरी कुठं वाटतं?

दुसऱ्या दिवशी परीक्षक शिवकुमार सर येऊन मागच्या बाकावर बसले. सर निवृत्त प्राध्यापक, कमी बोलणारे. सरावासाठी ठेवलेलं कापायचं जुनं मशीन त्यांच्या शेजारीच होतं. पाठ तर असा रंगला की विचारू नका! फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं, आवाज स्वच्छ, चित्रं ठळक. ‘डिसकनेक्ट द पॉवर बिफोर रिमूव्हिंग द कव्हर.’ झाकण काढण्याआधी वीज तोडा, अशी ती सूचना. सगळ्यांनी ती एका दमात म्हटली.

"अंडरस्टूड?"

"येस मॅडम!"

ऋतुजानं खडू खाली ठेवला आणि सरांकडे पाहिलं. सर उठले. त्यांनी नागव्वाला मशीनपाशी बोलावून खुर्चीवर बसवलं. बटण चालूच होतं. नागव्वाचा पाय सवयीनं खालच्या पॅडलवर गेला. सरांनी तेच वाक्य लिहिलेलं कार्ड तिच्यासमोर धरलं आणि म्हणाले, "मोठ्यानं म्हण, आणि म्हणशील तसं कर."

नागव्वा हसली. मॅडमकडे बघत तिनं ठणठणीत आवाजात म्हटलं, "डिसकनेक्ट द पॉवर बिफोर रिमूव्हिंग द कव्हर!" आणि म्हणता म्हणता, चित्रातलं झाकण तेवढं ओळखून ते उचललं आणि उजवा हात सरळ पात्याखाली घातला. पाय पॅडलवरच होता!

"नागव्वा! हात! हात काढ!" ऋतुजा किंचाळली. खुर्ची आडवी पाडून ती धावली आणि तिनं नागव्वाचं मनगट धरून खेचलं.

नागव्वाचा चेहरा पांढरा पडला. "काय चुकलं मॅडम? मी बराबर म्हनलं की!"

खरंच, तिनं बरोबरच म्हटलं होतं. एकही शब्द चुकला नव्हता! ऋतुजा तिचं मनगट धरूनच उभी राहिली.

"बस, ऋतुजा," शिवकुमार सर म्हणाले. त्यांनी मशीनमागून वायरीचं टोक उचलून दाखवलं. "प्लग मी आल्या आल्याच काढून ठेवलाय. आज काही झालं नसतं. सोमवारी मात्र तो लावलेला असणार." मग ते नागव्वाकडे वळले. "आत्ता म्हटलंस त्याचा अर्थ काय गं?"

नागव्वानं मान खाली घातली. "ते मला कुटं म्हाईत, सर?"

"मग समजलं का विचारल्यावर येस कशाला म्हटलंस?"

"मॅडम एवड्या मायेनं शिकिवत्यात. न्हाय कसं म्हनायचं त्येंला?"

मागून जोतीराम उभा राहिला. मेंढरं विकून कारखान्यात आलेला, सगळ्यांत वयस्कर माणूस तो. "सर, तिला बोलू नगा. आमी चा पितानाच ठरिवलं व्हतं. मॅडमची परीक्षा हाय, कुनीबी आडायचं न्हाय. आमच्यापायी पोरीचं नुकसान कशाला?"

ऋतुजानं मागं वळून सगळ्यांकडे पाहिलं. ही माणसं तिच्यासाठी खोटं बोलली होती! आणि तसं बोलायला त्यांना शिकवलं कुणी? तिनंच!

वर्ग रिकामा झाल्यावर सरांनी पेन काढलं. "आवाज, फळा, तयारी, सगळं उत्तम. पाठ संपल्यावर विद्यार्थ्याला मशीनवर बसवून बघा, असं नियमात कुठं नाही. ते मी माझ्या मनानं केलं. नियमानं मी आत्ता सही करू शकतो. करू का?"

ऋतुजाच्या डोळ्यांसमोर पुण्याची नोकरी आली, आबासाहेब आले. आणि पात्याखाली गेलेला तो हातही आला. ती हुंदका देत म्हणाली, "नको सर. मी त्यांना काहीच शिकवलेलं नाही."

सर तिच्या शेजारी बसले. "हे बघ बाळ, ही माणसं भोळी आहेत म्हणून हो म्हणतात, असं समजू नकोस. त्यांनी नाही म्हणावं अशी सोयच आपण शिकलेल्यांनी ठेवलेली नाही. पोर चुकलं तर आपण कौतुकानं हसतो. मोठा माणूस चारचौघांत चुकला की त्याची अब्रू जाते. मग तो चुकायचंच टाळतो, गप्प बसतो. त्यात तू त्याची घरची भाषाही काढून घेतलीस! तो अर्थ विचारणार कुणाला आणि कशात? इंग्रजी तुला माझ्याइतकंच येतं. पण मोठ्यांना शिकवायला लायक व्हायचं, तर ‘मला नाही समजलं’ हे त्यांना तुझ्यासमोर न लाजता म्हणता यायला हवं."

तिनं सही नाकारली हे ऐकून आबासाहेब त्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाले, "आता लोकांना काय तोंड दाखवू?" आणि त्यांनी फोन ठेवून दिला. ऋतुजा खूप रडली. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हॉलमध्ये गेली.

"मी चुकले," तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. "आता अर्थ आपापल्या भाषेत एकमेकांना सांगा. तोंडानं म्हणायच्या आधी हातानं करून दाखवा. आणि समजलं नाही तर ‘नाही’ म्हणा. मला वाईट वाटणार नाही." हॉलमध्ये कानडी-तेलुगूचा एकच गलका उडाला. हात बटणाकडे जाऊ लागले, प्लगकडे जाऊ लागले. पण ‘नाही’ मात्र कुणाच्या तोंडून निघेना.

सोमवार उजाडला. मालकांची परवानगी काढून ऋतुजा मशीनपाशी उभी राहिली. तमिळनाडूचा कारागीर भरभर इंग्रजीत बोलत होता. हे बटण, ते झाकण, हे पातं. बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, "अंडरस्टूड?"

"येस म्हना रे, येस! उशीर व्हायलाय!" मुकादम प्रभुलिंग मागून कुजबुजला. सगळ्यांचे ओठ हललेच होते, तेवढ्यात नागव्वा म्हणाली,

"नो सर."

सगळे चकित होऊन तिच्याकडे बघू लागले. प्रभुलिंग ओरडला, "ए नागव्वा! गप बस की!"

पण नागव्वा थांबली नाही. "आय नॉट अंडरस्टँड. शो अगेन."

कारागिरानं भुवया उंचावल्या. तो पुन्हा वाकला आणि या वेळी सावकाश, हातानं करून दाखवू लागला. त्यानं पुढचं बटण बंद केलं, झाकणाला हात लावला आणि तिथंच थबकला. पातं फिरतच होतं! पात्याच्या मोटारीला मागच्या बाजूनं वेगळी वीज होती आणि तिचं बटण दाखवायचं तो घाईत विसरला होता. त्याच्या कपाळावर घाम आला. "सॉरी, सॉरी," तो पुटपुटला.

 नागव्वानं ‘येस’ म्हटलं असतं, तर तिनं पुढचं बटण बंद केलं असतं आणि वीज गेली असं समजून निर्धास्तपणे हात आत घातला असता! ऋतुजानं शिकवलेला कोणताही शब्द तिला वाचवू शकला नसता. तिला वाचवलं ते तिच्या ‘नाही’नं.

प्रभुलिंग पुढे झाला. त्यानं मागचं बटण स्वतः बंद करून पाहिलं आणि मग एकेकाला बोलावून दाखवलं.

पुण्याची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. ऋतुजाचं प्रमाणपत्र पुढच्या परीक्षेपर्यंत लांबलं, पण त्या वेळी शिवकुमार सरांनी त्यावर आनंदानं सही केली. ती आजही सोलापुरातच मोठ्या माणसांना शिकवते.

वाचकहो, आपण सगळेच कुणाला ना कुणाला काही शिकवत असतो. कुणी सुनेला, कुणी नव्या कारकुनाला, कुणी बँकेच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसाला. ‘समजलं का?’ विचारून हात झटकू नका. ‘करून दाखवा’ म्हणा आणि थांबा. आणि समोरचा ‘नाही समजलं’ म्हणाला तर त्याच्यावर चिडू नका, त्यानं तुमच्यावर विश्वास टाकलाय.