उलट मोजणी

कर्वेनगरातल्या त्या लहानशा कचेरीत सकाळचे ऊन कधीच थेट येत नसे. आधी ते समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर उतरे, मग गच्चीत वाळत घातलेल्या चादरींवर रेंगाळे, आणि खिडकीतून आत येईतो इतके मवाळ होई की टेबलांवरची धूळसुद्धा कुणी जपून ठेवल्यासारखी दिसे. धम्मदीप रोज सर्वांआधी येऊन ते पाहत बसे. आज मात्र शर्मिला त्याच्याही आधी आली होती. फोन कानाशी धरून ती एवढेच म्हणत होती, "हो काकू. चूक आमचीच आहे."

काकूंची मुलगी आम्रपाली उन्हाळ्यात अपघातात गेली. कोथरूडच्या तिच्या शिकवणी वर्गाने तिचे नाव कमी करायला कळवले होते. तरीही काल संध्याकाळी या कचेरीत तयार झालेल्या प्रोग्रामने तिच्या आईला संदेश धाडला: आपला पाल्य आज वर्गात गैरहजर आहे.

शर्मिलाने फोन ठेवला. "नावं काढणारा लूप, एकेक जागा तपासत जाणारा, मी यादीच्या शेवटाकडून मोजत आणला होता. तो सरळ कोणी केला?"

"मी. वाचायला सोपा व्हावा म्हणून. तपासलाही होता."

"किती नावं काढून?"

"एक."

"एक नाव काढलं की त्याच्या खालची सगळी नावं एकेक जागा वर सरकतात. तुझा लूप मात्र खालची जागा बघायला निघून जातो. आम्रपालीच्या वरचा मुलगा क्लास सोडून गेला. त्याचं नाव निघालं, ती त्याच्या जागी सरकली, आणि तिच्याकडे कुणी बघितलंच नाही. शेवटाकडून आलं की हे होत नाही."

कचेरी चालवणाऱ्या रविराज सरांनी दारात हेल्मेट काढता काढता सगळे ऐकले होते. "वा. वाचायला सोपं केलंत म्हणे आपण. त्या बाईंना कळवू या का, किती सुटसुटीत झालंय ते?"



"संदेश वाचून त्यांनी आधी गॅलरीत जाऊन रस्त्याकडे पाहिलं," शर्मिला हळूच म्हणाली. मग तिने पर्स उचलली. "मी जाऊन येते त्यांच्याकडे. तू येतोस?"

"मला बोलता येत नाही गं अशा वेळी."

"बोलायला नाही बोलवत. नुसता ये."

धम्मदीप उठला नाही. जिन्यावरची तिची पावले विरली, तशी त्याने तिचा जुना लूप परत जागेवर आणून ठेवला.

बदल करण्याआधी तिला विचारायचा धीर झाला नाही, असे तो मघापासून स्वतःला समजावत होता. पण शर्मिला शेजारच्याच टेबलाशी बसे, आणि विचारले की समजावून सांगे. तो लूप उलटा होता तो तिला नीट लिहिता आला नाही म्हणून, असे त्याला वाटले होते. त्याने विचारले नव्हते ते त्यामुळे.