कानावरची पेन्सिल

शत्रुघ्नने टेबलाचा खण पुरता बाहेर ओढला, मांडीवर उलटा घेतला आणि त्याच्या कडांवर मेणबत्ती घासू लागला.

टेबल जहीरभाईंचं. आखातातल्या खैतानमधल्या एका गाळ्यात बसून ते लोकांचे सरकारी अर्ज अरबीत टाइप करून देत. माणूस श्रीवर्धनचा, त्यामुळे नकारसुद्धा घरच्यासारखा देई. शत्रुघ्न सुतारकाम करायचा ती कंपनी बुडाली, थकलेल्या पगाराची त्याने तक्रार केली, आणि दुसरीकडे काम करण्याच्या परवान्याचा अर्ज सात महिने वाटेत होता. परवाना येईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. सापडलात तर अर्ज रद्द आणि विमान तयार. तोवर खायचं काय, याबद्दल कायद्याचं काही म्हणणं नव्हतं.

दर गुरुवारी तो चौकशीला येई. दर गुरुवारी खण अडकलेला असे. आज त्याच्यातल्या सुताराला बघवलं नाही.

"राहू द्या मिस्त्री," जहीरभाई म्हणाले. "माझा खण सुटेल नि तुम्ही अडकाल."

"हे काय काम नाय. नुसता मेण लावतोय."

मेणाच्या वासाबरोबर बाबा आठवले. राजापूरकडच्या त्याच्या गावात मिस्त्रींच्या कानावर पेन्सिल दिसली की लोक समजत, काम मिळालंय. पावसाळ्यात कामं नसत, तरी बाबा सकाळी पेन्सिल खोचून निघत. आई भाकरी बांधून देई. एकदा शत्रुघ्न मागोमाग गेला, तर बाबा ओढ्यावरच्या साकवावर पाय सोडून बसलेले. घरी येऊन तो काहीच बोलला नाही. आईनेही कुठे गेला होतास, असं विचारलं नाही.

दार उघडून सरकारी तपासनीस आत आला. तरुण, इस्त्रीचा पांढरा झगा. त्याने मांडीवरचा खण पाहिला, मेणबत्ती पाहिली, शत्रुघ्नच्या कानावरची पेन्सिल जरा जास्तच वेळ पाहिली. मग जहीरभाईंना अरबीत काहीतरी विचारलं. हे गिऱ्हाईक आहे, याचाच कागद खणात अडकला होता, असं जहीरभाईंनी सांगितलं. ते खरंच होतं.

शत्रुघ्नने खण जागेवर बसवला. तो कुठेच घासला नाही.

तपासनिसाने खण ओढून पाहिला. लोटला. पुन्हा एका बोटाने ओढला. मग हात पुढे करून शत्रुघ्नच्या कानावरची पेन्सिल काढली, आतल्या त्याच्या अर्जाच्या प्रतीवर ठेवली आणि खण बंद केला. आवाज झाला नाही. जाताना तो दारातून दोन वाक्यं बोलला.

"म्हणतो, परवाना आला की इथून घेऊन जा," जहीरभाईंनी सांगितलं. "त्याचे आजोबा गलबतं बांधायचे."

बाहेर आल्यावर शत्रुघ्नला कान उघडा उघडा वाटला. बारा वाजत आले होते. गावाहून बायकोचा, रत्नमालाचा व्हिडिओ कॉल याच वेळेला येई. त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन्सिल घेतली, कानावर खोचली आणि बसथांब्यावर जाऊन बसला. खैतानला साकव नव्हता.

फोन त्याने असा धरला की नुसता चेहरा दिसावा.

"जेवलात?"

"आत्ताच. कामावरच आहे."

रत्नमालाची नजर त्याच्या कानाकडे गेली.

"पेन्सिल नवी दिसते."

"जुनी झिजली."

"झिजणारच." तिने पदर सारखा केला. "बरं, ठेवते. आणि असं उन्हात बसू नका हां."