मागची सीट

“मॅडम, आरशात मागची गाडी बघायची, मागचं माणूस नाही,” साळवेसर म्हणाले आणि मी मुकाट्याने नजर समोर, टावर चौकाकडे वळवली.

मागचं माणूस म्हणजे त्यांची बायको, विजयाबाई. मांडीवर परात घेऊन मटार सोलत होत्या. गाडी शिकवणाऱ्याची बायको रोज सकाळी सातला मागे बसून मटार सोलते, हे मी उज्जैनशिवाय कुठे पाहिलेलं नाही.

बँकेने बदली करून मला एकटीला इथे पाठवलं, तेव्हा त्रेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकायला घेतली. पहिले आठ दिवस सर एकटेच असायचे. सुहास साळवे, पन्नाशीचे, बोटात लग्नाची अंगठी, गाडीच्या काचेपाशी लहानसा क्रूस. मी गाडी बंद पाडली की म्हणायचे, “आराम से मॅडम, गाडी कुठे पळून नाही जात.” शिकवणी संपली की आम्ही पोहे खायचो. ते हसवायचे, मी हसायचे. माधव नगरातल्या माझ्या खोलीत मी आदल्या दिवशीच इस्त्रीचा कुडता काढून ठेवायला लागले, गाडी शिकण्यासाठी! नवव्या दिवशी मागे विजयाबाई आल्या आणि पोहे बंद झाले.

बँकेत मी हे तिखटमीठ लावून सांगितलं. काय संशयी बाई आहे, म्हटलं. सगळे पोट धरून हसले.

एकदा भैरवगढच्या रस्त्यावर सर टायरमध्ये हवा भरून घ्यायला उतरले. माझ्या जिभेला हाड नाही. मी विचारलं, “सरांवर भरवसा नाही वाटतं तुमचा?”

“माझा आहे,” विजयाबाई शेंग मोडत म्हणाल्या. “त्यांचाच त्यांच्यावर नव्हता. त्या इतवारी चर्चमधून घरी आलो, तर जेवायलाच बसेनात. म्हणाले, विजू, मी सकाळचे सात वाजायची वाट बघायला लागलोय. ये ठीक नहीं है. तू मागे बसत जा.”

“काही घडलं होतं?”

“काही नाही. घडायच्या आधीच सांगितलं ना. देवासमोर शब्द दिलाय, तो सांभाळावा लागतो, म्हणाले.”

“राग नाही आला?”

“आला ना. दोन दिवस बोलले नाही. मग विचार केला, असं सांगणारा माणूस मिळतो कुठे? मटार घेतले न् येऊन बसले.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गरजच नव्हती. सातची शिकवणी माझीच होती. खरं सांगायचं तर सातची वाट मीही बघत होते, पण ते मी कुणापाशी कबूल केलं नव्हतं. उलट बँकेत हशा पिकवून मोकळी झाले होते. या माणसाने मात्र आपल्या तोंडाने बायकोला सांगितलं होतं. मला त्याचं फार कौतुक वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

लायसन्स हातात आलं त्या दिवशी मी म्हणाले, “आज मी सोडते तुम्हाला घरी.” सर सवयीने पुढचं दार उघडायला गेले.

“सर, मागे बसा ना. आता मला शिकवायचं काही उरलं नाही.”

ते जरा थांबले. मग मागे गेले. विजयाबाईंनी परात सरकवून जागा केली.

चौकातल्या सिग्नलला मला आरशात दोघं दिसली. सर शेंगा सोलत होते, निम्मे दाणे खाली सांडत होते आणि बाई ते वेचत होत्या. मी हाताने आरसा थोडा फिरवला, फक्त मागच्या गाड्या दिसतील इतका, आणि पहिला गिअर टाकला.